बाईकवर गेटचा आरएफआयडी टॅग कुठे लावू? मदत हवी आहे

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीच्या गेटवर आता आरएफआयडी (रेडिओ लहरींनी दुरून वाचला जाणारा) टॅग वाचूनच बूम बॅरियर उघडतो. दुचाकीवाल्यांनाही फास्टॅगसारखा, काचेवर चिकटवायचा स्टिकर मिळालाय. माझ्या बाईकला विंडशील्ड नाही. फास्टॅगवाल्याला विचारलं, पण दुचाकींना फास्टॅग लागतच नसल्याने त्याला याचा अनुभव नाही.

मागचा कागद न काढता सेलोटेपने लावून पाहिलं. टाकीवर अजिबात वाचला जात नाही, खालच्या पत्र्यामुळे टॅगचा अँटेना नीट काम करत नाही. हेडलाईटच्या प्लास्टिकवर लगेच वाचला जातो, पण तिथे पावसाचा थेट मारा. आपल्याकडचा पाऊस ठाऊकच आहे, आणि ओल्या टॅगची रेंज घटते. एकदा चिकटवून सोलला की तो फाटतो, म्हणून जागा आधीच पक्की करायची आहे. खिशात ठेवायला परवानगी नाही. टॅग वाचणारा रीडर गेटच्या डाव्या बाजूला, साधारण डोक्याच्या उंचीवर आहे.

धातूवर चालणारा जाड टॅग मागून घेऊन फोर्कवर लावू, की हाच स्टिकर हेडलाईटखाली अॅक्रिलिकच्या पट्टीवर? पट्टी कोणी वापरली असेल तर पत्र्यापासून किती अंतर ठेवलंत, आणि पावसाळाभर टिकला का?