सोनोग्राफी नॉर्मल म्हणून शंका सोडू नका

एकाने विचारलंय की त्याच्या काकांचं बीपी तीन गोळ्या घेऊनही उतरत नाही, पण सोनोग्राफी स्वच्छ आहे, तर अॅड्रीनलचा (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा) विषय संपला का. नाही संपला. अल्डोस्टेरॉन (बीपी वाढवणारं अॅड्रीनलचं हार्मोन) तयार करणारी गाठ बहुधा २ सेंटिमीटरच्या आतच असते, सोनोग्राफीत सहज निसटते.

माझा मेव्हणा नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत शिफ्ट. पायात जीव नाही म्हणायचा. आम्ही म्हणायचो, दिवसभर उभं राहतोस ना! रक्तात पोटॅशियम २.९, म्हणजे बरंच कमी निघालं, तेव्हा कुठे अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (मूत्रपिंडातून येणारं, अल्डोस्टेरॉनला चालना देणारं द्रव्य) एकत्र तपासलं. पहिलं चढलेलं, दुसरं जवळपास शून्य. खरी मेख इथेच आहे. पण पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, बऱ्याच रुग्णांत ते नॉर्मलच असतं.

या तपासणीसाठी रक्त सकाळी, उठून दोनेक तास हिंडल्याफिरल्यावर, थोडं बसवून घेतात. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी बीपीची गोळी) चालू असेल तर आधी सांगा. डॉक्टर ते साधारण ४ आठवडे आधी बंद करायला लावतात. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

सीटी त्यानंतर. वय वाढलं की निरुपद्रवी गाठीही सीटीत दिसतात, म्हणून दोन्ही अॅड्रीनलच्या शिरांमधून रक्त घेऊन दोषी बाजू ठरवतात. मेव्हण्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागली.

काकांना घाम, धडधड, डोकेदुखीचे झटके येतात का? मग मेटानेफ्रिनची तपासणी (अॅड्रिनलिनसारखी द्रव्यं सोडणाऱ्या अॅड्रीनलच्या दुसऱ्या गाठीसाठी) आधी करा.