खाज फक्त पोटाला नसेल तर...

गरोदरपणात पोटाची कातडी ताणली जाते म्हणून खाज सुटते, खोबरेल तेल लावा, असं बायका एकमेकींना सांगतात; ते पोटापुरतं अगदी बरोबर. पण खाज तळहात-तळपायांना असेल, अंगावर पुरळ नसेल आणि रात्री जास्त होत असेल, तर तेलावर थांबू नका. मला आठवा महिना संपता संपता हेच झालं. माहेरी भुसावळला होते, ऐन मे, पारा ४४ च्या वर; साहजिकच सगळ्यांनी घामोळ्यांवर ढकललं. शेजारच्या मावशींनी मुलतानी माती पाठवली, आई बिचारी कूलरमध्ये पाणी ओतून दमली. आणि मी मध्यरात्री मोरीत नळाखाली पाय धरून बसलेली, टाचा खाजवून खाजवून लाल.

डॉक्टरांनी रक्तातलं बाइल ॲसिड (पित्तातलं आम्ल) आणि लिव्हरची म्हणजे यकृताची तपासणी करायला लावली. यकृतातून पित्त नीट पुढे सरकत नाही, ते रक्तात साठतं, म्हणून ही खाज. आईला त्रास मुख्यतः खाजेचाच, पण रक्तातल्या बाइल ॲसिडचं प्रमाण फार वाढलं तर बाळाला धोका असतो. म्हणून तपासण्या पुन्हा पुन्हा करतात आणि कधी कधी तारखेच्या आधीच बाळंतपण करतात. मला यावर अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड या औषधाच्या गोळ्या दिल्या होत्या. फरक पडला, पण थोडाच. बाळ झाल्यावर मात्र खाज आपोआप गेली! पुढच्या खेपेला हे परत होऊ शकतं, तेव्हा आधी झालं असेल तर नाव नोंदवतानाच डॉक्टरांच्या कानावर घाला.