‘प्रवास’चा एकच रकाना सीमाभागात पुरत नाही

घरखर्चाच्या वहीत ‘प्रवास’ असा एकच रकाना पुरे, असं काही जण म्हणतात. ते पुण्यात चालेल, कर्नाटकच्या हद्दीतल्या आमच्या निपाणीत नाही. शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकच्या साध्या बसचं तिकीट शून्य, पण राज्याच्या हद्दीपुरतंच. चिक्कोडी, बेळगाव फुकट, कोल्हापूरला पैसे मोजायचे. महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट, तेही त्यांच्या हद्दीपुरतं. म्हणून आमच्या वहीत ‘अलीकडं’ आणि ‘पलीकडं’ असे दोन रकाने आहेत. आईची डोळ्यांची तपासणी, बहिणीचं गडहिंग्लज, लग्नसराईची खरेदी, सगळं पलीकडं. भाड्यापेक्षा मागून होणारा खर्चच तिथं जास्त दिसतो.

किराणा-दुधाचे रकाने कितीही बारीक फोडा, फार हाती लागत नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून बायकांना मिळणारे २,००० रुपये मात्र दरमहा जमेत धरू नका, कधी येतील नेम नाही. आले की आमच्याकडं थेट भिशीत.