कुत्र्यांना लस म्हणजे पंचायतीचा पैसा पाण्यात?

खाडीकाठ: आमच्या ग्रामपंचायतीत गावातल्या कुत्र्यांना रेबीजची लस द्यायचा ठराव येतोय. एप्रिल लागला की पाण्याची बोंब, रस्त्याची चाळण झालेली, आणि पैसा कुत्र्यांवर! चावलंच तर सरकारी दवाखान्यात इंजेक्शन फुकट मिळतं. ही उधळपट्टी थांबवा.

माडाखालची: "फुकट मिळतं" वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या जावेच्या मुलाला पोटरीला कुत्रा चावला, रक्त आलं. जवळच्या दवाखान्यात लस होती पण रक्त आलेल्या जखमेला सिरम (जखमेतच टोचायचं वेगळं इंजेक्शन) पण लागतं, ते नव्हतं, जिल्ह्याला जा म्हणाले. रिक्षा, मग एसटी, भाऊजींचा बोटीवरचा दिवस गेला, पुढच्या प्रत्येक डोसला परत तेच, आणि ऐन हंगामात बोटीचा तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) किती दिवस थांबणार, त्याने दुसरा माणूस घेतला. इंजेक्शन फुकट, बाकी सगळं घरातून.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचा जगभरचा हिशेब 2015 साली मांडला गेलाय, वर्षाला सुमारे 59,000 माणसं जातात आणि 8.6 अब्ज डॉलरचं नुकसान होतं. त्यातलं निम्म्याहून जास्त अकाली गेलेल्या माणसांच्या कमाईचं, पाचवा हिस्सा चावल्यानंतरच्या उपचाराचा, आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास नुसती लस घ्यायला जाण्यात बुडालेली मजुरी. कुत्र्यांना लस द्यायला किती? जेमतेम दीड टक्का. म्हणजे रोग जिथून येतो तिथे कोणी पैसा घालत नाही, आणि मग घराघरातून वसूल होतो.

खाडीकाठ: जगाचे आकडे आमच्या वाडीत कशाला? ते सगळं आफ्रिकेतलं असणार.

माडाखालची: त्या 59,000 मधला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आकडा आपल्या देशाचा आहे. आणि मरणारी बरीचशी पोरं असतात, पंधराच्या आतली.

रापणकर: लस-बिस ठीक आहे पण मूळ कोणी बोलत नाही. जेटीवर या सकाळी, कोळंबीची टरफलं, माशांची डोकी, सगळं उघड्यावर, वर हॉटेलवाले रात्री उष्टं मागच्या बाजूला ओततात. आणि चाकरमानी! गणपतीत येतात, पिल्लांना बिस्किटं घालतात, दहा दिवसांनी गाडीत बसून जातात, ती पिल्लं आम्ही सांभाळायची.

दादरचा_गाववाला: प्रत्येक गोष्टीत चाकरमानी? घरपट्टी आम्ही पण भरतो. जेटीवरची घाण आम्ही मुंबईहून आणून टाकतो का? तुमच्याच लोकांची आहे ती, आधी त्यांना सांगा.

रापणकर: "तुमचे लोक" म्हणजे कोण? तोंड सांभाळून बोला. मासळी खाताना आमचे लोक चालतात.

बागायतदार_देवगड: भांडा तुम्ही, पण घाणीचा मुद्दा खरा आहे. आमच्या लहानपणी मेलेलं ढोर माळावर टाकलं की गिधाडं उतरायची, दुसऱ्या दिवशी नुसती हाडं. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देऊ लागले, ते ढोर मेलं की गिधाड खायचं आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायचं. औषध जनावरांसाठी 2006 मध्ये बंद केलं तोवर नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. ढोरं कुत्र्यांच्या वाट्याला आली, कुत्रे वाढले, चावे वाढले. 2008 मधल्या एका अभ्यासात याचा आरोग्यावरचा खर्च साधारण चौदा वर्षांत 34 अब्ज डॉलर धरला होता, त्यात मोठा वाटा रेबीजचा. म्हसळ्याकडे चिरगावला गिधाडं जपायला लोक झटतायत ते उगाच नाही. तिथे पंचायतीने पैसा घालावा, लसीत नको.

माडाखालची: काका, गिधाडं परत यायला किती वर्षं जातील? तोवर पोरांनी काय करायचं?

बागायतदार_देवगड: निर्बीजीकरण करा ना मग! लस दिली तरी कुत्रा तिथेच, संख्या तीच. माझ्या बागेत राखणदाराच्या मागे आठ-दहांची टोळी लागते.

बांद्याची_नर्स: निर्बीजीकरण हवंच, पण त्याला डॉक्टर, ऑपरेशन, ठेवायला जागा लागते, एका कुत्र्यामागे खर्च कितीतरी पट. लस एका टोचणीत होते. आमच्या बाजूला पत्रादेवी ओलांडली की गोवा. तिथे 2013 पासून टीम वाड्यावाड्यांत फिरतात, भटके जाळीने धरतात, टोचतात, खूण करून सोडतात. दहातल्या सात कुत्र्यांना लस गेली की रोग पसरायची साखळी तुटते. कुत्र्यांमधला रेबीज तिथे 92 टक्क्यांनी उतरला, 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित जाहीर झाला. समुद्र तोच, जेट्या त्याच, मासळीची घाण पण तीच. पण दर वर्षी करावं लागतं, एकदा फोटो काढून भागत नाही. आणि चावल्यावर हळद-चुना लावून येऊ नका, साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी या. लक्षणं दिसायला लागल्यावर आमच्या हातात काही उरत नाही.

खाडीकाठ: गोव्याकडे पैसा आहे, त्यांचं सोडा. बरं, ठराव आणा, मी आडवा येत नाही. पण पाण्याच्या हेडमधून एक रुपया काढलात तर ग्रामसभेत उभा राहीन.

रापणकर: आणि जेटीवर झाकणाच्या टाक्या त्याच ठरावात घाला. नाहीतर माझा पण विरोध.

दादरचा_गाववाला: टाक्यांची वर्गणी मुंबई मंडळातून काढतो. चाकरमान्यांबद्दलचं ते वाक्य मात्र मागे घ्या.

रापणकर: टाक्या येऊ देत आधी.