हॉलमधला स्मरणशक्तीचा वर्ग (सोसायटी ग्रुप, जळगाव)

महाजन ताई, बी-३०४: नमस्कार. काल हॉलमध्ये ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीचा वर्ग झाला. "डिमेन्शिया होणारच नाही" असं सांगून आमच्या सासऱ्यांकडून ४,५०० रुपये घेतले. पावती नाही. हॉल कोणाच्या परवानगीने दिला?

पाटील सेक्रेटरी: ताई, कमिटीने चांगल्या हेतूने दिला. आधी मेसेज टाकला होता, वर जाऊन बघावा.

बोरसे आप्पा: हॉल फुकट दिला की भाड्याने?

चौधरी काकू, ए-१०२: वर्ग चांगला होता हो. भाजीची यादी मनातल्या मनात घरभर मांडायची. उंबऱ्यावर भरताची वांगी, देव्हाऱ्यात मेथी, झोपाळ्यावर दादर ज्वारीचं पीठ. आज चिठ्ठी न नेता सगळं आणलं.

कोळी भाऊ: पार्किंगमधली पांढरी गाडी कोणाची आहे? माझी बाइक अडकली.

बोरसे आप्पा: फुकट की भाड्याने, एवढंच विचारलंय.

पाटील सेक्रेटरी: ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी हॉलचा हिशेब मागू नये ही नम्र विनंती 🙏

बोरसे आप्पा: भरल्याची पावती टाकू का इथे? फुकट की भाड्याने?

डॉ. सोनवणे, सी-२०३: काकू, पद्धत खरी आहे, सोडू नका. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या २,८०० हून जास्त लोकांवर 'ॲक्टिव्ह' नावाचा अभ्यास झाला. कोणाला स्मरण शिकवलं, कोणाला तर्क, कोणाला नजरेचा वेग. जे शिकवलं तेच सुधारलं. १० वर्षांनंतरचे निकाल २०१४ मध्ये आले. तर्क आणि वेगाचा फायदा टिकला होता, स्मरणाचा नाही. त्यामुळे "होणारच नाही" ही हमी खोटी आहे.

वाणी मावशी: रोज भिजवलेले पाच बदाम खा. आमच्याकडे सगळे खातात.

कोळी भाऊ: मन्या मायले कानबाईना गाना बठ्ठा पाठ शेतस, पन गोळी लिधी का नही ते ध्यानमा ऱ्हात नही.

महाजन ताई, बी-३०४: आमच्याकडे तेच. दूध गॅसवर ठेवून गॅलरीत जाऊन बसतात, पातेलं करपल्याचा वास मलाच येतो. घाबरूनच गुपचूप पैसे भरून आले. पैशांपेक्षा ते आम्हाला काही बोलले नाहीत, याचं वाईट वाटतं.

डॉ. सोनवणे, सी-२०३: ताई, आधी बी-१२ आणि थायरॉईडचं रक्त तपासा. शाकाहारी घरात बी-१२ खूपदा कमी निघतं. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, उदास असतात का तेही. कान तर नक्की दाखवा, नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? यातलं बरंच उपचारांनी सुधारतं. उशीर करू नका.

बोरसे आप्पा: भाड्याने?

पाटील सेक्रेटरी: फुकट दिला. त्यांना फोन केलाय, पैसे परत मागितलेत. पुढच्या रविवारचा वर्ग रद्द.

चौधरी काकू, ए-१०२: ताई, सासऱ्यांना न्याल तेव्हा मलाही हाक मारा. माझेही कान दाखवायचेत, एकाच रिक्षात जाऊ.