प्रतिसाद: सिंहगड रोडवर सगळीकडे तेच मेनूकार्ड

पुण्यात सिंहगड रोडला सगळ्या हॉटेलांत तेच ते पदार्थ मिळतात या तक्रारीवर वर कोणीतरी म्हटलंय की लोकच पनीर नि चायनीज मागवतात, हॉटेलवाल्यांचा काय दोष. अर्धंच पटलं. आनंदनगर ते धायरी कुठल्याही फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसा, आत सकाळी लाल, पांढरी, पिवळी अशा दोनतीन ग्रेव्ह्या करून ठेवलेल्या असतात, मग लाल ग्रेव्हीत तर्री टाकली की व्हेज कोल्हापुरी, क्रीम ओतलं की माखनवाला, आणि मेनूकार्ड मात्र दहा पानी! भाडं डोक्यावर असलं की मालक तरी काय करणार म्हणा, एकच कूक, त्याला जे येतं ते.

पण भागात खानदेशातली एवढी माणसं राहतात, तर भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी रोज का मिळू नये? आणि भरीत म्हणजे गॅसवर वांगं भाजून टोमॅटो घातलेलं नव्हे हां, जळगावची हिरवी वांगी तुरकाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, हिरवी मिरची-लसूण ठेचून घालायचा आणि वरून कांद्याची पात. खर्च काय येतो त्याला?

इराणी, पारशी काही खायचं म्हटलं की डेक्कनला गुडलक (१९३५ पासूनचं), नाहीतर थेट कॅम्पात दोराबजी, म्हणजे ट्रॅफिकमध्ये भूक मरणार. साऊथ इंडियनचं मात्र अजीर्ण झालंय, अजून एक डोसा सेंटर नको बाबा.

वडगाव-धायरीकडे कोणी घरगुती खानदेशी किंवा झणझणीत नागपुरी सावजी जेवण देत असेल तर टाका की इथे.