फेसवॉश सुचवा: मुरुमं + सेन्सिटिव्ह त्वचा (मदत हवी आहे, जरा घाई आहे)

खारीबिस्कीट
त्वचा सेन्सिटिव्ह आहे आणि मुरुमंही येतात. मुरुमांचा फेसवॉश लावला की चेहरा ओढतो, भाजतो. साधा लावला की तासाभरात तेलकट. दोन्हीला चालेल असा एकच फेसवॉश सांगा, नुसतं नाव सांगितलंत तरी चालेल. दोन-तीन आठवड्यांत घरात लग्न आहे. घरगुती उपाय नकोत, सगळे करून झालेत.

दुपारचा_चहा
वय? मुरुमं कुठे, कपाळावर, गालांवर की हनुवटीवर? बारीक ठिपके की दुखऱ्या गाठी? आत्ताच्या फेसवॉशच्या मागे काय लिहिलंय? पाळी नियमित आहे का?

आजीचा_बटवा
घरगुती नको म्हणालात तरी सांगतोच. मसूर डाळीचं पीठ, कच्चं दूध, चिमूटभर आंबेहळद आणि चार थेंब लिंबू. वाळलं की चोळून काढा. केमिकल नाही, काही नाही.

ओली_सुकी
अहो, लिंबात सायट्रिक आम्ल असतं, तेही केमिकलच! रसाचा पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास, त्वचेचा साधारण ५. वर लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात ते वेगळंच. आणि पीठ वाळल्यावर चोळून काढणं म्हणजे पिकलेली मुरुमं फोडणं.

आजीचा_बटवा
बरं, लिंबू वगळा. मसूर डाळीने काय घोडं मारलंय?

खारीबिस्कीट
बाप रे, किती प्रश्न. वय २६, पाळी नियमित. गालांवर आणि कपाळाच्या कडेला बारीक, अधूनमधून लाल. फेसवॉश सॅलिसिलिक २ टक्के, दिवसातून तीनदा. बाकी काही लावत नाही. आता नाव सांगा.

दुपारचा_चहा
बाकी काही नाही म्हणजे सीरम, टोनर, डॉक्टरांची ट्यूब, काहीच नाही?

खारीबिस्कीट
रात्री अ‍ॅडापलीन (मुरुमांचं जेल) असतं, पण ते औषध झालं. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी दिलंय. आणि नायसिनामाइड सीरम, ते तर सगळेच लावतात. मॉइश्चरायझर नाही, तेलकट त्वचेला कशाला?

मापात_माप
गोम तिथेच आहे. अ‍ॅडापलीनच्या पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा, सालं निघणं, झोंबणं हे ठरलेलं. त्यावर तीन वेळा सॅलिसिलिक आणि वर मॉइश्चरायझर नाही. एक खूण बघा: साधं क्रीम किंवा स्वतःचा घामसुद्धा झोंबत असेल तर त्वचेचं वरचं आवरण बिघडलंय. तोवर जगातला कुठलाही मुरुमांचा फेसवॉश भाजणारच. नाव बदलून उपयोग नाही.

सॅलिसिलिक आणि सीरम दोन्ही बंद. अ‍ॅडापलीन झोंबणं थांबेपर्यंत थांबवा (डॉक्टरांना फोन करून सांगा), मग एक रात्र आड. सकाळी नुसतं कोमट पाणी. संध्याकाळी एकदाच क्लीन्झर, बिनवासाचा, ज्याच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट (कडक फेसकारक) नाही. कोकोइल आयसेथिओनेट किंवा कोकामिडोप्रोपिल बीटेन दिसलं तर बहुतेकांना सोसतं. रुपयाच्या नाण्याएवढा घ्या, ओल्या चेहऱ्यावर बोटांच्या पेरांनी अर्धा मिनिट, ब्रश नको, स्क्रब नको. धुताना जबड्याची कड आणि केसांची रेषा विसरू नका. तिथे फेस राहतो आणि आपण औषधाला दोष देतो. मऊ पंचाने टिपा. ओलसर आहे तोवरच मॉइश्चरायझर लावा, डबीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' (छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं.

अ‍ॅडापलीनच्या रात्री मात्र आधी १५-२० मिनिटं त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन. मग वाटाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला, एकेका मुरुमावर ठिपके देत बसू नका. वरून पुन्हा मॉइश्चरायझर. दिवसा एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन. गुण आला की नाही हे १२ आठवड्यांनी ठरवा, त्याआधी नाही. गरोदरपणात अ‍ॅडापलीन वापरत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

टँकरचं_पाणी
एवढं लिहिलंत पण पाण्याचं कोणीच विचारलं नाही. आमच्या वाघोलीत टीडीएस ९०० च्या वर आहे. पाणी बदला, त्वचा सुधारते. शॉवरला फिल्टर बसवा.

मापात_माप
टीडीएस मीटर सगळे क्षार मिळून मोजतो, पाणी किती जड आहे ते सांगत नाही. ते बघायचं तर अर्धी बाटली पाण्यात अंघोळीच्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवा. फेस न येता पांढरी साय तरंगली तर पाणी जड. ती साय म्हणजे साबण आणि कॅल्शियम, तीच चेहऱ्यावर बसते. साबणविरहित क्लीन्झरने ती होत नाही, म्हणून आधी साबण बदला. शॉवरच्या छोट्या फिल्टरने क्लोरीन कमी होईल, जडपणा जवळपास तसाच राहतो.

टँकरचं_पाणी
माझ्या फिल्टरवर 'हार्ड वॉटर' लिहिलंय.

मापात_माप
बाटलीचा प्रयोग फिल्टरच्या आधी आणि नंतर करून बघा.

चकाकी
एवढा खटाटोप कशाला? मेडिकलमध्ये ट्रिपल क्रीम मिळतं, आठवड्यात चेहरा लख्ख. लग्नाला तेच बरं.

ओली_सुकी
संपादक, हा प्रतिसाद उडवता आला तर बघा. त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. डॉक्टर वांगासाठी देतात, तेही मोजके आठवडे. लाली कमी होते म्हणून पहिला आठवडा सगळे खूश. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर लाल रेषा आणि लव येते, आणि बंद केलं की पुरळ उसळतं. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये नियम कडक केले ते उगाच नाही.

चकाकी
सगळे वापरतात हो.

दाढीवाला
दाढीनंतर तुरटी चालते का? मलाही मुरुमं येतात.

दुपारचा_चहा
दाढीवाले, वेगळा धागा काढा.
खारीबिस्कीट, कपाळाच्या कडेचे दाणे एकसारखे आहेत आणि खाजतात का? केसांना तेल लावता? खाजत असतील तर ती मुरुमं नसून यीस्टची पुरळ असू शकते. तिला सॅलिसिलिक पुरत नाही, केटोकोनाझोलसारखं बुरशीवरचं औषध लागतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

खारीबिस्कीट
खाजत नाहीत. रविवारी खोबरेल लावते, रात्रभर.

दुपारचा_चहा
मग कपाळाचं उत्तर मिळालं. तेल धुण्याआधी तासभर, टाळूपुरतं. उशीचा अभ्रा बदला.

खारीबिस्कीट
ठीक. पार्लरवाली फेशियल, ब्लीच आणि वरच्या ओठाचं वॅक्स म्हणतेय. आणि हळदीचं काय करू? लग्न माझंच आहे.

ओली_सुकी
हे पहिल्या ओळीत सांगायचं ना!

मापात_माप
ब्लीच आणि फेशियल रद्द. अ‍ॅडापलीन चालू असताना वॅक्स केलं तर पट्टीबरोबर कातडी सोलून येऊ शकते. दोरा करा, तोही चार-पाच दिवस आधी. नवीन काहीही आता सुरू करू नका, मेकअपसुद्धा आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा. हळदीला चेहऱ्यावर आधी मॉइश्चरायझरचा जाड थर द्या. हळद पाण्यात किंवा दुधात कालवायला सांगा, तेलात नको. हातापायांना हवी तेवढी, गालाला बोटभर टिळा. कार्यक्रम आटोपला की लगेच कोमट पाण्याने धुवा, पिवळं जात नाही म्हणून घासू नका, एक-दोन दिवसांत आपोआप जातं. काकवांना हे आधीच बजावून ठेवा, ऐन वेळी कोणी ऐकत नाही.